शेत गावाला, पत्रे मुंबईहून

मे महिना सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी खिडकीतल्या कढीपत्त्याची पाने पिवळी का पडतात, असे विचारणारे वाचक एकदम तीस गुंठ्यांवर आणि आठ एकरांवर बोलू लागतात. या वेळी पत्रे बरीच आली आणि जवळजवळ प्रत्येकात ‘आधुनिक शेती’ हा शब्द होता. आणखी एक गोष्ट बहुतेकांत समान होती. लिहिणारा मुंबईत आहे आणि शेत दोनशे ते सहाशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे यंत्र, तंत्र आणि अनुदान यांच्याकडे वळण्याआधी मी प्रत्येक पत्र एकाच प्रश्नासाठी वाचले, तो म्हणजे बांधावर रोज कोण उभे राहणार आहे. काहींनी त्याचे उत्तर पत्रातच दिले होते. बहुतेकांनी दिले नव्हते.

प्रश्न (लालबागचे एक वाचक) : संगमेश्वर तालुक्यात आमची तीस गुंठे भातखाचरे आहेत. ती चुलतभाऊ करतो. लावणीला माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. गेल्या वर्षी निम्मी खाचरे पडीक राहिली. लावणीचे यंत्र घ्यावे, की लावणीच नसलेले ‘सगुणा’ तंत्र करावे? मी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी असतो.

उत्तर : यंत्राचा विचार आधी बाजूला ठेवू. भातलावणी यंत्राला आपला नेहमीचा तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपे, चालत नाही. त्यासाठी पातळ मातीच्या थरावर चटईसारखी रोपवाटिका करावी लागते, रोप साधारण अडीच-तीन आठवड्यांच्या आत उचलावे लागते आणि चिखल निवळून सपाट बसलेला असावा लागतो. हे सगळे जमले तरी कोकणातल्या उतारावरच्या चार-चार गुंठ्यांच्या खाचरांत यंत्राचा अर्धा वेळ वळण्यात आणि एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उतरवण्यात जातो. वाडीतल्या दहा-बारा घरांनी मिळून सखल, सलग शेतांसाठी यंत्र भाड्याने आणले तर गोष्ट वेगळी. एकट्याच्या तीस गुंठ्यांसाठी ते विकत घेऊ नये.

उरतात दोन वाटा, आणि दोन्ही कोकणात रुजलेल्या आहेत. पहिली चारसूत्री पद्धत, जी डॉ. नारायण सावंत यांनी मांडली. तिच्यात लावणी आहे, पण ती मोजून केलेली आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळसर राख मिसळायची, म्हणजे रोपाला सिलिका मिळते आणि काडी ताठ राहते. लावणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला सुमारे तीस किलो गिरिपुष्पाचा पाला खाचरात पसरायचा आणि चिखलणीत गाडायचा. नंतर खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरची आलटून-पालटून अंतरे धरून, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच रोपे लावायची. शेवटचे सूत्र मला सर्वांत हुशारीचे वाटते. जवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खुपसायची. कोकणातल्या पावसात वरून फेकलेला युरिया बांध ओलांडून खालच्या शेजाऱ्याच्या शेतात आणि तिथून ओढ्याला जातो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. खोल गेलेली गोळी मात्र मुळाशी राहते आणि सावकाश विरघळते. हिशेबही सरळ आहे. हेक्टरी ६२,५०० गोळ्या म्हणजे सुमारे १७० किलो खत, आणि आपल्या तीस गुंठ्यांना जवळपास १९ हजार गोळ्या, म्हणजे ५१ किलो. एका पोत्याच्या आसपास खतात पूर्ण हंगाम निघतो. पण १९ हजार वेळा कोणाला तरी वाकावे लागते, हेही त्याच हिशेबात धरा.

दुसरी वाट सगुणा भात तंत्राची. कर्जत तालुक्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ती विकसित केली. नांगरणी, चिखलणी आणि लावणी या तिन्ही गोष्टी तिच्यात नाहीत. एकदाच साधारण एक मीटर रुंदीचे गादीवाफे करायचे, त्यांवर लोखंडी साच्याने २५-२५ सेंटिमीटरवर भोके पाडायची, प्रत्येक भोकात तीन-चार दाणे आणि थोडे खत टाकून ते मातीने झाकायचे. कापणीनंतर धसकटे उपटायची नाहीत. मुळे जमिनीतच कुजतात, गांडुळे वाढतात आणि त्याच वाफ्यावर वाल, मूग किंवा हरभरा टोकता येतो. लावणीचा धक्का रोपाला बसत नसल्याने पीक आठ-दहा दिवस लवकर तयार होते. ज्या घरात बैलजोडी गेली आणि पॉवर टिलरवाल्याची वाट पाहण्यात नक्षत्र निघून जाते, त्या घराला हे तंत्र खरोखर उपयोगाचे आहे.

मग अडते कुठे? तणात. चिखलणी आणि उभे पाणी ही तण दाबण्याची आपल्या पूर्वजांची सोय होती. ती काढून टाकली की तणनाशकावर भार येतो. पेरणीआधीचे तण मारायला या तंत्रात ग्लायफोसेट वापरले जाते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केलेला आहे, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. तणनाशकाची वेळ पावसाने चुकवली, की पेरणीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात भात कोणते आणि देवभात, पाखड ही भातासारखी दिसणारी तणे कोणती, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या आठवड्यात बेणणी झाली नाही तर तंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी अडचण गुरांची. भात कापले की कोकणात गुरे मोकळी सुटतात, आणि आपण जपलेले गादीवाफे व त्यांवरचा वाल त्यांच्या पायाखाली जातो. वाडीचे एकमत नसेल तर रब्बीचा हिशेब कागदावरच ठेवावा. रानडुकरांचा प्रश्न मी मुद्दाम काढत नाही, त्याला तंत्र नाही.

माझा सल्ला असा, की या वर्षी घराजवळची पाच गुंठे सगुणा पद्धतीने करा आणि जेवढ्यांना माणसे मिळतील तेवढी खाचरे चारसूत्रीने लावा. बियाणे कर्जत किंवा रत्नागिरीच्या भात संशोधन केंद्रांच्या वाणांतले, आपल्या खाचराच्या पाणथळपणाला जुळेल असे, चुलतभावाला विचारून निवडा. वरच्या हलक्या खाचराला गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे, भात लावून ऑक्टोबरात ते सुकताना पाहू नये. आणि एक विनंती. गणपतीची रजा आपण घेणारच, पण चार दिवसांची एक रजा पेरणीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात घ्या. चुलतभावाला यंत्राच्या पैशांपेक्षा त्या चार दिवसांचा उपयोग अधिक होईल.

प्रश्न (घाटकोपरच्या एक वाचक) : माझा धाकटा भाऊ खटाव तालुक्यात दोन एकर रब्बी कांदा करतो. तीन वर्षांपूर्वी ठिबक घेतले होते. आता नळ्या तुंबल्या म्हणून त्याने त्या गुंडाळून गोठ्यावर टाकल्या आहेत आणि पुन्हा पाटाने पाणी देतो आहे. नव्या संचासाठी तो माझ्याकडे पैसे मागतो. ठिबकने खरेच पाणी वाचते का?

उत्तर : वाचते, पण किती ते मोजून पाहू. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटर. फेब्रुवारीच्या उन्हात वाढत्या कांद्याला दिवसाला चार मिलिमीटर लागतात असे धरले, तर एकरी रोज १६,००० लिटर आणि बारा दिवसांत १ लाख ९२ हजार लिटर झाले. पाटाने वाफा भरताना एका वेळी सहज सहा-सात सेंटिमीटर पाणी बसते, म्हणजे एकरी अडीच लाख लिटरच्या आसपास, शिवाय पाटात मुरणारे वेगळे. म्हणजे फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तसा आभाळाएवढा नाही. ठिबकचा मोठा फायदा दुसरीकडे आहे. बारा दिवसांचे पाणी एकदम देण्याऐवजी रोजचे रोज दिल्याने मुळाशी वाफसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा मेळ, टिकतो, विद्राव्य खत पाण्यातूनच जाते, कांदा एकसारखा पोसतो आणि रात्री दोन वाजता वीज आली म्हणून हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागत नाही. हा शेवटचा फायदा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला मी पाहिला नाही. भावाला विचारा, तो पहिला तोच सांगेल.

आता तुंबण्याकडे येऊ. तीन वर्षांत संच निकामी होत नाही, तो निकामी केला जातो. नळी तुंबते ती तीन कारणांनी : माती-वाळू, शेवाळ आणि क्षार. गोठ्यावर टाकलेली एक नळी खाली काढा, ड्रिपरच्या जागी ती ब्लेडने उभी चिरा आणि आत पाहा. हिरवट-काळा बुळबुळीत थर असेल तर ते शेवाळ आहे. उघड्या शेततळ्यातून किंवा विहिरीतून पाणी उचलत असाल आणि वाळूचा फिल्टर नसेल, तर ते येणारच. पांढरट, खरखरीत, नखाने खरवडून निघणारा थर असेल तर ते क्षार आहेत आणि कडक पाण्याच्या भागात त्यांची भेट ठरलेली असते. तांबूस गाळ असेल तर फिल्टरची जाळी फाटली आहे किंवा कोणी तरी ती काढूनच ठेवली आहे. पाण्याचा जोर कमी पडतो म्हणून जाळी काढून ठेवलेले संच मी इतके पाहिले आहेत, की फिल्टरचे झाकण उघडल्यावर आत जाळी दिसली की मला बरे वाटते.

शेवाळावर क्लोरीनची आणि क्षारांवर आम्लाची प्रक्रिया करतात. आम्लप्रक्रियेत सोडलेल्या पाण्याचा सामू (पीएच) नळीच्या शेवटच्या टोकाला चारच्या आसपास यावा लागतो, तो पीएच कागदावर तपासतात, मग संच चोवीस तास बंद ठेवून दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोके उघडून जोरात पाणी सोडतात. पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीही ओतायचे नाही, आणि या दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी करायच्या नाहीत, कारण आम्ल आणि क्लोरीनची पावडर एकत्र आली की विषारी वायू निघतो. आम्लप्रक्रियेनंतरही निम्म्या ड्रिपरमधून थेंब येत नसेल तरच नव्या नळ्या घ्याव्यात. त्यातही मुख्य पाइप, उपमुख्य पाइप आणि फिल्टर बहुधा वापरण्याजोगे असतात. पूर्ण संचाचे पैसे लगेच देऊ नका.

अनुदानाचे म्हणाल तर केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के साहाय्य आहे, आणि राज्य सरकार स्वतःची भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेते. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर होतो आणि आता त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. मात्र एका क्षेत्रावर अनुदान उचलले की तिथे काही वर्षे पुन्हा मिळत नाही, त्यामुळे तीनच वर्षांपूर्वी लाभ घेतला असेल तर हा रस्ता तूर्त बंद आहे.

जाता जाता एक खटकणारी गोष्ट. वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही. बहुतेक ठिकाणी त्यावर आणखी एक एकर बागायत होते आणि क्वचित ऊसही उभा राहतो, आणि मार्चमध्ये विहीर होती तिथेच येते. भावाने तसे केले तर त्याला दोष देता येणार नाही, मीही कदाचित तेच केले असते. पण ठिबकने गावाचे पाणी वाढेल असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका.

प्रश्न (बोरिवलीचे एक वाचक) : वाशीम जिल्ह्यात मामांची आठ एकर सोयाबीन आणि तूर आहे. मामेभाऊ फवारणीचा ड्रोन घ्यायचा म्हणतो, आणि युरियाच्या पोत्याऐवजी नॅनो युरियाची बाटली पुरते असेही त्याने ऐकले आहे. आपले मत काय?

उत्तर : आठ एकरांसाठी ड्रोन घेणे म्हणजे घरच्या दळणासाठी गिरणी घालणे. दहा लिटर टाकीचा ड्रोन एकराला सात ते दहा मिनिटे घेतो, म्हणजे मामांचे सगळे शिवार दीड तासात उरकेल आणि यंत्र उरलेला पंधरवडा ओसरीवर पडून राहील. ज्याला गावोगाव भाड्याने फवारणीचा व्यवसाय करायचा आहे, त्याने २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार प्रशिक्षण आणि पायलट प्रमाणपत्र घ्यावे, बॅटऱ्यांचे तीन-चार संच आणि गाडी यांचाही खर्च धरावा. महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. मामी बचत गटात असतील तर चौकशी मामेभावाने नव्हे, त्यांनीच करावी.

भाड्याने मात्र ड्रोन जरूर वापरून पाहावा. त्याचे कारण पाण्याची किंवा वेळेची बचत एवढेच नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट आणि पाठीवर पंप घेऊन माणूस त्या पिकात शिरलेला. उंच पिकात माणसाला न पाठवता औषध टाकता येणे, हे ड्रोनचे खरे काम आहे. गुडघ्याएवढ्या सोयाबीनला ती निकड तेवढी नाही. शिवाय एकरी आठ-दहा लिटर पाण्यातले द्रावण पानांच्या खालच्या बाजूला फारसे पोहोचत नाही आणि वारा सुटला तर शेजारच्या बांधावर उतरते.

नॅनो युरियाचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या बाटलीत ५०० मिलिलिटर द्रव होता आणि त्यात ४ टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. पोत्यातले निम्म्याहून अधिक वाया जाते हे अगदी मान्य केले, फक्त तिसरा हिस्सा पिकाच्या पोटात गेला असे धरले, तरी ते सात किलोच्या आसपास राहते. वीस ग्रॅम सात किलोंची जागा कशी घेतात, हे मला कोणी पटवून दिलेले नाही. पुढे बाटलीतले नत्र २० टक्क्यांपर्यंत वाढवले, तरी बेरीज १०० ग्रॅमच होते. वाढीच्या काळात पूरक फवारणी म्हणून ती वापरायला हरकत नाही. पोते बंद करायला हरकत आहे.

मुळात सोयाबीनला युरियाची एवढी ओढ का असावी? पेरणीनंतर चाळीस दिवसांनी मामांना एक झाड मुळासकट हळूच उपटायला सांगा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर ती हवेतले नत्र पिकाला पुरवते आहे. हिरवट किंवा पांढरी असेल तर बियाण्याला रायझोबियम या नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया राहून गेली होती किंवा मुळांशी पाणी साचले आहे. मामेभावाच्या हातात खरेच काही पैसे असतील तर रुंद वरंबा सरीचे पेरणीयंत्र भाड्याने आणून पेरणी करावी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. वाशीमच्या काळ्या जमिनीत दर वर्षी या दोन्हींपैकी एक संकट येतेच, कधी कधी एकाच महिन्यात दोन्ही.

प्रश्न (अंधेरीचे एक वाचक) : एका कंपनीकडून पॉलिहाउसमध्ये गुंतवणुकीचा प्रस्ताव आला आहे. मावळात दहा गुंठ्यांत जरबेरा, देखभाल त्यांची आणि दरमहा ठरलेले उत्पन्न आम्हाला. किंवा मग इमारतीच्या गच्चीवर मातीविना शेती करावी असाही विचार आहे.

उत्तर : शेतीत दरमहा ठरलेले उत्पन्न फक्त एकाच व्यक्तीला मिळते, आणि ती म्हणजे सालगडी. हे वाक्य कडू वाटेल, म्हणून माझा अनुभव सांगतो. वीस वर्षांपूर्वी दोन मित्रांसह मी तळेगावच्या बाजूला असेच दहा गुंठे घातले होते. लाल माती विकत आणून गादीवाफे केले, रोपे ऊतिसंवर्धित घेतली, पहिले आठ महिने फुलेही देखणी आली. पहाटे दादरच्या फुलबाजारात पेटी उघडली की शेजारचा गाळेवाला वळून पाहायचा. मग मे अखेरीच्या वळवाच्या एका वाऱ्यात वरचा २०० मायक्रॉनचा कागद एका टोकाला सुटला आणि तासाभरात वीस मीटर फाटला. उभारणी करणाऱ्याचा फोन आठ दिवस लागला नाही. विम्यात सांगाडा होता, कागद नव्हता, आणि ते बारीक अक्षर तिघांपैकी कोणीच वाचलेले नव्हते. त्या आठ दिवसांत पावसाने वाफे भिजले आणि खोडकुजीने अर्धी झाडे बसली. दोष उभारणी करणाऱ्याचा होताच. पण आम्ही तिघेही त्या दिवशी मुंबईत होतो, हाही होता.

तो कागद तसाही तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने तर मावळातल्या हरितगृहांचे सांगाडेच वाकवले. जरबेराच्या भावाचे म्हणाल, तर तो लग्नाच्या तिथींवर चालतो. पितृपक्षात तेच फूल गाळ्यावरून उचलायला कोणी येत नाही, पण झाड पितृपक्ष पाळत नाही आणि रोज फुले देतच राहते. तेव्हा प्रस्ताव देणाऱ्याला तीन गोष्टी लेखी मागा : सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, गेल्या दोन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या, आणि कागद फाटल्यास खर्च कोणाचा. पट्ट्या दाखवायला खळखळ केली तर पुढे जाऊ नका.

गच्चीवरची मातीविना शेती ही वेगळी गोष्ट आहे आणि हौस म्हणून चांगली आहे. पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहा ठेवायचा, क्षारांचे प्रमाण मीटरने रोज पाहायचे, लेट्यूस पाच-सहा आठवड्यांत काढणीला येतो. दोन गोष्टी आधी तपासा. दहा सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो वजन, त्यामुळे जुन्या इमारतीच्या गच्चीसाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरचे पत्र आणि सोसायटीची परवानगी दोन्ही लागतील. आणि नळ्यांत पाण्याच्या पातळ प्रवाहावर वाढणारी मुळे वीज गेल्यावर मेच्या उन्हात काही तासांत सुकतात, म्हणून पंपाला इन्व्हर्टर हवा. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशी संबंध चांगले असणे हे तिसरे, कारण गळती कधी तरी होणारच.

प्रश्न (गिरगावच्या एक वाचक) : दारावर जैविक भाजी विकायला येणारे वाढले आहेत. कोणी नैसर्गिक म्हणते, कोणी ‘रेसिड्यू फ्री’. दर दुप्पट. खरे काय समजावे?

उत्तर : तीन शब्दांचे तीन अर्थ आहेत. जैविक म्हणून विकण्यासाठी साधारणपणे प्रमाणपत्र लागते. एक तर त्रयस्थ संस्थेने तपासणी करून दिलेले, किंवा शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेते तपासून दिलेले, ज्याला पीजीएस म्हणतात. पाकिटावर ‘जैविक भारत’ची खूण असते. हंगामी पिकांच्या जमिनीला रसायने सोडल्यापासून साधारण दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे रूपांतराची जातात, म्हणून गेल्या दिवाळीत सुरुवात करून या दिवाळीत जैविक विकणारा घाईत आहे असे समजावे. नैसर्गिक शेती हा शब्द आपल्याकडे सुभाष पाळेकरांमुळे घरोघरी गेला. २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून केलेले जीवामृत तिथे मुख्य असते. रेसिड्यू फ्री म्हणजे फवारणी झालेली आहे, पण काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ पाळल्याने अंश मर्यादेच्या खाली आहे. हा शेवटचा प्रकार काही जण कमी प्रतीचा मानतात. मी मानत नाही, मात्र त्यामागे प्रयोगशाळेचा अहवाल हवा.

अहवालाची किंमत काय असते ते आपल्या द्राक्षबागायतदारांना विचारावे. २०१० मध्ये युरोपात गेलेली आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे अडवली गेली. बागायतदार ज्याला नुसते सीसीसी म्हणतात, ते हे वाढनियंत्रक. वेलीची वाढ रोखून घड सुटण्यासाठी ते सर्रास वापरले जात होते आणि ते तपासणीच्या यादीत नव्हते. माल बंदरात अडकला आणि कर्ज काढून उभ्या केलेल्या बागांचे हिशेब कोलमडले. त्यानंतर त्याची तपासणी सुरू झाली आणि बागनिहाय नोंदी काटेकोर झाल्या. आज निर्यातीच्या द्राक्षाची पेटी कोणत्या गावातल्या कोणत्या बागेतली, हे सांगता येते. आपल्या दारावर येणाऱ्या पालकाच्या जुडीबद्दल ते सांगता येत नाही, आणि मुंबईत पालकाचा प्रश्न फवारणीपेक्षा पाण्याचा अधिक आहे. रेल्वेरुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पिकलेली भाजी आपण सगळ्यांनी लोकलच्या दारातून पाहिली आहे. तिच्यावर एकही फवारा मारलेला नसेल, तरी ती मी घरात आणणार नाही. तेव्हा विक्रेत्याला ‘जैविक आहे का’ असे विचारू नका, त्याचे उत्तर ठरलेले असते. गाव कोणते, पाणी कशाचे आणि या आठवड्यात शेतात काय संपले, असे विचारा. स्वतः पिकवणारा माणूस शेवटच्या प्रश्नावर तक्रारींसह बोलू लागतो. तो प्रश्न ऐकून गप्प बसणाऱ्याने पहाटे वाशीच्या बाजारातून माल उचललेला असण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न (कुर्ल्याचे एक वाचक) : मला आधुनिक पद्धतीने शेती करण्यासाठी दोन एकर जमीन घ्यायची आहे. आमच्या घरात सध्या कोणीच शेती करत नाही. घेता येईल का?

उत्तर : १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. पण सध्या शेती करत नसणे आणि शेतकरी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांच्या नावावर कुठे सातबारा असल्यास आधी तो ऑनलाइन पाहा. वारसनोंद राहून गेली असेल तर मृत्यूचे दाखले आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा, हरकतीची मुदत संपल्यावर फेरफार मंजूर होतो आणि आपले नाव लागते. बहुतेक घरांत अशी आठ-दहा गुंठे निघतात, सामायिक खात्यात, वीस-पंचवीस नावांखाली. तेवढ्यावर शेतकरी असल्याचा दाखला मिळू शकतो. जमीन पाहायला जाल तेव्हा ती फेब्रुवारीत न पाहता मेच्या शेवटच्या आठवड्यात पाहा आणि विहिरीत दगड टाकून पाण्याचा आवाज किती वेळाने येतो ते ऐका.